काकूंच्या गॅलरीतली हिरवी साडी

रात्रीचे साडेदहा वाजलेले, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या सोसायटीचं पार्किंग, आणि मी गाडीचं इंजिन चालू ठेवून बाहेर येऊन उभा, स्वतःच्याच गाडीचं कौतुक बघायला. त्याच दिवशी हेडलाइटमध्ये झेनॉनचे बल्ब बसवून आणले होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत वाळत घातलेली हिरवी साडी मला खालून काठाच्या नक्षीसकट दिसत होती. आणि हे डिपरवर बरं का, म्हणजे खाली वळवलेल्या लाइटवर, लांबचा अप्पर अजून लावलाच नव्हता. म्हटलं काय पॉवर आहे राव! तेवढ्यात गॅलरीचं दार उघडलं, काकू डोळ्यांवर आडवा हात धरून बाहेर आल्या आणि ओरडल्या, "कोण आहे रे तो? आधी बंद कर ते, देवघरापर्यंत आलंय!"

मी बंद केलं, पण मनातून खूशच होतो. साडी दिसली म्हणजे पैसे वसूल, असा माझा साधा हिशोब.

आता झेनॉनचं खूळ डोक्यात शिरलं कुठून ते सांगतो. गाव आमचं निफाडकडचं, नोकरी अंबडला. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली की मी आईला घेऊन गावाला निघतो, म्हणजे नांदूर नाका, माडसांगवी, शिलापूर, ओढा, चांदोरी असा तो रस्ता. दिवसा हा रस्ता म्हणजे काहीच नाही. रात्री मात्र थंडीच्या दिवसांत तिथे उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि ऊस असा बाहेर आलेला की ट्रॉली कुठे संपते ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. कांद्याच्या सीझनला पिकअप. मध्येच कुणी सायकलवर, खांद्यावर घोंगडी. आमची गाडी जुनी हॅचबॅक, लाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या, उजेड म्हणाल तर देव्हाऱ्यातल्या समईएवढा. एकदा चांदोरीच्या अलीकडे ट्रॉली इतक्या उशिरा दिसली की ब्रेक दाबल्यावर आईचं डोकं डॅशबोर्डला टेकलं. आई काही बोलली नाही, नुसती पिशवी सावरून बसली. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त त्रास झाला.

सोमवारी अॅक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "साहेब, हॅलोजन विसरा आता. झेनॉन टाका, रात्रीचा दिवस होईल." त्याने आकडे सांगितले आणि आकडे खोटे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आपला नेहमीचा हॅलोजन, म्हणजे एच-फोर बल्ब, ६०/५५ वॅटचा (अप्परला ६०, डिपरला ५५), डिपरला साधारण १००० ल्युमेन देतो, ल्युमेन हे उजेडाचं माप. झेनॉनची ट्यूब ३५ वॅटच खाते आणि ३२०० ल्युमेनच्या आसपास देते. तिच्यात तार नसतेच, दोन टोकांच्या मध्ये साधारण चार मिलिमीटरची ठिणगी कायम पेटती ठेवलेली असते, वेल्डिंगच्या आर्कसारखी, फक्त बंद काचेत. ती पेटवायला सुरुवातीला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात, एकदा पेटली की ८५ व्होल्टच्या आसपास काम चालतं, आणि हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीतून करून द्यायला तो डबा असतो, बॅलास्ट, ज्याला आपले वायरमन ट्यूबलाइटच्या सवयीने चोक म्हणतात. आत झेनॉन वायू असतो तो लगेच उजेड पडावा म्हणून, खरा उजेड देतात ते त्यातले धातूंचे क्षार, ते तापून वाफ व्हायला काही सेकंद जातात. म्हणून झेनॉन लावल्यावर आधी निळसर जांभळा चमकतो आणि मग हळूहळू पांढरा होतो. ते बघायला मजा येते हे मान्य.

रंगाचं विचारलं तेव्हा मी ८००० केल्विन घेतला. कंपनीतून येणारा झेनॉन ४३०० च्या आसपास असतो, दुपारच्या उन्हासारखा. पण आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा असं मला वाटलं, आणि दुकानदाराने मला त्या समजुतीतून बाहेर काढायचे काही कष्ट घेतले नाहीत. केल्विन हा नुसता रंगाचा आकडा. ६०००, ८००० करत वर जाल तसा लाइट निळा होत जातो आणि रस्त्यावर पडणारा उजेड उलट कमी होतो. म्हणजे मी जास्त पैसे देऊन कमी उजेड घेतला. निळा मात्र झकास.

पहिल्या आठवड्यात मी हवेत. गाडीच्या पुढे पाच-दहा मीटरवर असा पांढराफेक सडा पडायचा की रस्त्यावरचे खडे मोजावेत. झाडांचे शेंडे दिसायचे, विजेच्या तारा दिसायच्या, तारांवर झोपलेले पक्षी दिसायचे. एवढं सगळं दिसत असताना पुढे शंभर मीटरवरची ट्रॉली मात्र पूर्वीइतकीच उशिरा दिसते हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण जवळ झगझगीत उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. माणसाला मात्र वाटत राहतं की वा, काय दिसतंय. रेडिओ लावला की लाइट पेटताना खरखर यायची, ते त्या चोकमुळे. मी रेडिओ बंद केला. प्रेमात माणूस काय काय सोडतो.

एक गोष्ट खटकायची, समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारायचा. प्रत्येक जण! मला वाटायचं लोक जळतात. एकदा ओढा गावाजवळ एका टँकरवाल्याने दोन वेळा मारला, मी डिपरवरच होतो म्हणून मी मुळीच लक्ष दिलं नाही, तर त्याने सरळ अप्पर लावून तो तसाच ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर जी अंधारी आली ती तो निघून गेल्यावरही चार-पाच सेकंद गेली नाही. साठच्या स्पीडला चार सेकंद म्हणजे सदुसष्ट मीटर. सदुसष्ट मीटर मी काहीही न दिसता गाडी चालवली, नुसता डावीकडचा पांढरा पट्टा धरून, आई शेजारी. घरी पोचेपर्यंत मी त्या टँकरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

आई तेव्हा म्हणाली, "तुझा लाइट लागत असंल त्याला." मी म्हटलं, आई, डिपरवर होतो. ती म्हणाली, "मला तर समोरून कुणी आलं की चांदण्याच फुटतात नुसत्या." तिला मोतीबिंदू होता, ऑपरेशन व्हायचं होतं. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की आत येणारा प्रकाश विखुरतो आणि एका दिव्याचे दहा होतात. मोतीबिंदू नसला तरी वयाबरोबर हे थोडंफार सगळ्यांचंच होतं, दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायलाही जास्त वेळ लागतो. आणि त्या रस्त्यावर रात्री सायकलवर नाहीतर एम-एटी दुचाकीवर असतात ते बहुतेक आईच्याच वयाचे. पण हे सगळं आत्ता सुचतंय. तेव्हा मी फक्त हॉर्न वाजवला.

मग जानेवारी आला. निफाडची थंडी ज्यांनी भोगली नाही त्यांना सांगून कळणार नाही, पारा एकदम खाली आला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती असते म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, बागेभोवती ऊब राहावी म्हणून. तो धूर आणि धुकं मिसळून रस्त्यावर कंबरेएवढं साचतं. त्या पहाटे मी तिकडून परत येत होतो आणि माझ्या निळ्या झेनॉनने माझ्यासमोर चक्क चुन्याची भिंत उभी केली. वर गेलेला सगळा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून माझ्याच डोळ्यांत परत. शेवटी हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर वीसच्या स्पीडने आलो. दोन महिन्यांपूर्वीचा पिवळा बल्बही याच्यापेक्षा बरा होता, हे मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं, पण मोठ्याने नाही.

मोठ्याने कबूल करायची वेळ पुढच्याच शनिवारी आली. आमची गाडी दादा पिंपळगावला घेऊन गेला होता, बाजार समितीत काहीतरी काम होतं, आणि मी एसटीने आलो तर त्याने मला गावाच्या फाट्यावर घ्यायचं ठरलं. फाट्यावर मी एकटा. एक म्हातारे बाबा सायकल हातात धरून चालत निघालेले, कॅरियरला चाऱ्याचा भारा. लांबून एक गाडी आली. गाडी कसली, नुसता निळा-पांढरा भडका. मला रस्ता दिसेना, साइडपट्टी दिसेना, बाबा तर दिसायचेच बंद झाले, जिथे होते तिथे नुसता काळा खड्डा. मी हाताने डोळे झाकले आणि एक शिवी हासडली, चांगली लांबलचक, नाशिकची. ती पुरी व्हायच्या आत गाडी माझ्याजवळ येऊन थांबली, काच खाली झाली आणि दादा म्हणाला, "बस."

बाबा साइडपट्टीच्या खाली उतरून उभे होते, भारा सावरत. त्यांना काही झालं नव्हतं. ते आमच्याकडे बघत होते, म्हणजे निदान चेहरा आमच्याकडे होता, दिसत त्यांना काही नसणारच.

सोमवारी मी दुकानात नाही गेलो, चाचांकडे गेलो. द्वारका चौकाच्या पलीकडे एका गल्लीत त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं टपरीवजा दुकान आहे, चाळीस वर्षं वायरिंगच करतायत. त्यांनी बॉनेट उघडलं, चोक बघितला, आणि काही न बोलता एका पत्र्याच्या डब्यातून जुना उडालेला एच-फोर काढून माझ्या तळहातावर ठेवला. "नीट बघा साहेब. आत दोन तारा आहेत ना? पुढच्या तारेखाली काय आहे?"

पुढच्या तारेखाली एक वाटी होती. एवढी वर्षं गाड्या चालवल्या, चार-पाच वेळा बल्ब स्वतः बदलले, पण ही वाटी मी कधी पाहिली नव्हती. नखाएवढी, पत्र्याची, जरा काळवंडलेली. ही तार डिपरची. वाटीमुळे तिचा उजेड खाली जातच नाही, फक्त वर जातो, म्हणजे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून आपटून खाली रस्त्यावर येतो. दुसऱ्या तारेला वाटी नाही, ती अप्परची, ती सगळा रिफ्लेक्टर वापरते. चाचांनी बल्ब जरा फिरवला. वाटीची एक कड सरळ, दुसरी किंचित तिरकी कापलेली. त्या तिरक्या कडेमुळे उजेडाची रेघ डावीकडे पंधरा अंशाने वर चढते, म्हणजे आपल्या बाजूने चालणारा माणूस, पाटी, साइडपट्टी दिसते आणि उजवीकडच्या समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जात नाही. उजवीकडून गाड्या चालवतात त्या देशांत हे बरोबर उलटं. सगळी अक्कल त्या वाटीत.

"आता तुमची ट्यूब," चाचा म्हणाले. असा बाहेरून बसवायच्या किटमधला झेनॉन अप्पर-डिपरसाठी चुंबकाने पुढे-मागे सरकतो. ठिणगी तारेच्या जागी नेमकी येत नाही, तिचा आकार वेगळा, आणि माझ्या किटला वाटी होती ती नावापुरती. रिफ्लेक्टर बिचारा तारेच्या हिशोबाने घडवलेला, जागा एक-दोन मिलिमीटरने चुकली तरी त्याला उजेड कुठे फेकायचा ते कळत नाही, मग तो सगळीकडे फेकतो. झाडाच्या शेंड्यावर, तारेवरच्या पक्ष्यांवर, काकूंच्या साडीवर. "साहेब, जो उजेड साडीवर गेला तो रस्त्यावर कसा येणार?"

म्हणजे मला दिसत नव्हतं आणि समोरच्यालाही दिसत नव्हतं, ही दोन वेगळी दुखणी नव्हती. ट्रॉलीवर पडायला हवा होता तोच उजेड त्या बाबांच्या डोळ्यांत गेला होता. मी इतके दिवस समजत होतो की ग्लेअर, हे समोरच्याचं दिपणं, म्हणजे जास्त उजेडाचा साइड इफेक्ट, चांगल्या औषधाने तोंड कडू व्हावं तसा.

झेनॉनला मी नावं ठेवत नाहीये. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हापासून चांगल्या गाड्यांत तो नीटच चाललाय, पण तिथे त्याच्यासाठी वेगळा लाइट असतो, पुढे भिंगाचा प्रोजेक्टर, आत उजेड कापणारा पडदा. आमच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या गाडीला तसा आहे. भिंतीवर पडला की सुरीने कापल्यासारखी रेघ, वर अंधार, खाली उजेड, अधलंमधलं काही नाही. आणि युरोपातल्या नियमात २००० ल्युमेनच्या वरचा लाइट असेल तर फोकस आपोआप वरखाली करणारी यंत्रणा पाहिजे आणि काच धुणारा फवाराही पाहिजे, कारण काचेवर धूळ बसली की ती उजेड चहूकडे विखरते. आपल्या रस्त्यावरची धूळ आठवा आणि मग माझं किट आठवा. शिवाय कंपनीने दिलेल्या गोष्टीत असे फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. हल्ली एलईडी बल्ब निघालेत तेही जुन्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबले की गोष्ट हीच, फक्त चोक लागत नाही.

चाचांनी किट काढलं, साधा ६०/५५ टाकला आणि मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, लाइटच्या होल्डरवर १२.३. मधले १.६ व्होल्ट जुन्या बारीक वायरीत आणि स्विचमध्ये मुरत होते. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के पडतो. म्हणजे माझा बल्ब मुळात कधी खराब नव्हताच, तो उपाशी होता. त्यांनी बॅटरीवरून जाड वायर, दोन रिले (वायरीतून चालू-बंद होणारे स्विच), एक फ्यूज असं टाकून दिलं. काचेला आधी १००० चा वॉटर पेपर, मग २००० चा, मग पॉलिश, आणि वरून कोटिंग, नाहीतर उन्हाने प्लॅस्टिक परत पिवळं पडतं. (टूथपेस्टने पण होतं असं लोक म्हणतात. मी करून पाहिलंय. दोन आठवडे टिकतं आणि गाडीला पुदिन्याचा वास येतो.) सगळ्याचे मिळून किटच्या निम्मे पैसे झाले.

फोकस सेट करायचं मी घरी केलं. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, सीटवर आमचे चिरंजीव बसलेले, गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून दहा मीटरवर सरळ. लाइटच्या मध्याची उंची मोजली, पासष्ट सेंटिमीटर आली, भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारली आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. दहा मीटरला दहा सेंटिमीटर म्हणजे एक टक्का उतार, म्हणजे उजेड पासष्ट मीटरवर जमिनीला टेकणार. मागचा स्क्रू अर्धा आटा फिरवला तरी रेघ भिंतीवर केवढी सरकते ते बघून मीच चाट पडलो.

मग बायकोला उभं केलं. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, दिव्यांबद्दल एक फार छान वाक्य आहे, की लाइटपासून ८ मीटरवर, लाइटच्या अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपायला नको. कायद्यात असा एक माणूस कायमचा उभा करून ठेवलाय हे मला भारी आवडलं. बायकोच्या डोळ्यांची उंची टेपने मोजली तर बरोबर दीड मीटर. "सोळा वर्षं झाली लग्नाला, आज माझे डोळे मोजताय," ती म्हणाली. मी म्हटलं, लागतोय का डोळ्यांना? ती म्हणाली, "नाही. पण चहाचं आधण ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या आणि काळजीने विचारलं, "लाइट बिघडले का हो तुमच्या गाडीचे? काल अंधारच होता सगळा."

एक राहिलं. स्टीअरिंगच्या उजव्या हाताला खाली एक छोटी चकती असते, तिच्यावर ०, १, २, ३ लिहिलेलं. गाडी घेतल्यापासून मी तिला धूळ पुसण्यापुरताच हात लावलेला. गावाहून येताना डिकीत दोन गोण्या कांदे असतात, एक डबा गूळ, वर दादाने भरलेलं काय काय. गाडी मागून चार सेंटिमीटर बसली आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर दोन मीटर चाळीस असलं, तर हिशोब करून बघा, दहा मीटरवर फोकस सोळा-सतरा सेंटिमीटर वर चढतो. खडूची रेघ, एक टक्का उतार, वाटी, सगळं पाण्यात. पन्नास मीटरवरच्या माणसाच्या कंबरेला उजेड लागतो, रस्त्यात जरा उंचवटा आला की डोळ्याला. त्यासाठी ती चकती, फोकस खाली आणायला. आता कांदे भरले की मी चकती दोनवर नेतो आणि आई विचारते, एसी वाढवला का. तिचं ऑपरेशन झालंय, चांदण्या गेल्या, आता ती मला पुढची ट्रॉली माझ्या आधी दाखवते.

किट माळ्यावर आहे, गणपतीच्या माळांच्या खोक्याशेजारी. परवा भाचा आला होता, त्याने नवीन बुलेट घेतलीये. म्हणाला, "मामा, ते झेनॉन नुसतं पडूनच आहे ना? मला द्या की." मी म्हटलं बघतो, कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये.